कुड्याची साल आणि बाबांच्या गोळ्या

ताई, नमस्कार.

मी गोव्यातल्या सत्तरी तालुक्यातली, सूक्ष्मजीवशास्त्रात एम.एस्सी. करते आहे. बाबांचं वय ५८. आमचं कुळागर, म्हणजे पोफळी-माडांची बाग, आहे. आजोबांच्या वेळेपासून लोक आमच्याकडे किरायतें, कुड्याची साल, गुळवेल न्यायला येतात. बाबांनी कधी कुणाकडून पैसे घेतले नाहीत. यंदा त्यांचा खोकला थांबेना, वजन उतरलं, आणि थुंकीच्या तपासणीत क्षयरोग निघाला. सरकारी गोळ्या सुरू झाल्या. दीड महिन्यात खोकला गेला, भूक लागायला लागली. पण गोळ्यांनी मळमळायचं, आणि लघवी केशरी झालेली बघून ते धसकले होते. ११ दिवसांपूर्वी त्यांनी गोळ्या बंद केल्या आणि कुडा, किरायतें, गुळवेल यांचा काढा सुरू केला. म्हणतात, ‘म्हाका बरें दिसता’, मला बरं वाटतंय.

मी भांडले, तर त्यांनी माझाच प्रकल्प अहवाल पुढ्यात टाकला. मी कुड्याच्या सालीचा मेथॅनॉल या द्रावकातला अर्क स्टॅफिलोकोकस या जंतूवर तपासला आहे. मिलिलीटरला १०० मिलिग्रॅम तीव्रतेला, जंतू वाढवलेल्या प्लेटवर अर्काच्या चकतीभोवती जंतू न वाढलेलं १८ मिलिमीटरचं वर्तुळ आलं, त्याचा फोटोही अहवालात आहे. ‘जंतू मरतात असं तूच लिहिलंस ना?’ मला उत्तर देता आलं नाही. माझं काम खोटं आहे का? आणि खरं असेल, तर बाबांना कुठल्या तोंडानं अडवू? घरात भावाची तीन वर्षांची मुलगी आहे. ती दिवसभर आजोबांच्या मांडीवर असते.

– एक मुलगी, सत्तरी

प्रिय मुली,

पुढचं वाचण्याआधी एक काम कर. बाबांच्या गोळ्या जिथून मिळतात त्या आरोग्य केंद्रात उद्याच जा आणि ११ दिवसांचा खंड पडलाय हे स्पष्ट सांग. ओरडा बसेल म्हणून लपवू नकोस. क्षयाच्या औषधात खंड पडलेले रुग्ण तिथल्या लोकांना नवे नाहीत. ते थुंकी पुन्हा तपासतील, आणि गोळ्या पुढे कशा चालवायच्या ते डॉक्टर ठरवतील. राहिलेले दिवस भरून काढायला घरच्या घरी जास्त गोळ्या मात्र देऊ नकोस.

आता तुझा प्रश्न. तुझं काम खोटं नाही. प्लेटवरचं वर्तुळ खरं आहे. बाबांनी त्याचा जो अर्थ काढला तो चुकला, आणि त्याला आपण शिकलेली माणसंही जबाबदार आहोत. अशा प्रत्येक अहवालाच्या शेवटी ‘भविष्यात औषध म्हणून उपयोगी ठरू शकेल’ असं आपण सवयीनं लिहून टाकतो. तुझ्याही अहवालात ते वाक्य असणार. आपल्या लेकीनं लिहिलेलं ते वाक्य वाचून बाबांना काय वाटलं असेल, याचा जरा विचार कर. आयुष्यभर जे केलं त्याला पोरीच्या कॉलेजनं शिक्का दिला, असंच वाटलं असणार.

मी बरीच वर्षं औषधनिर्माणशास्त्र शिकवलं. एकदा एक विद्यार्थिनी प्लेट घेऊन धावत आली. स्वच्छ, गोल, २२ मिलिमीटरचं वर्तुळ होतं. आम्ही दोघी हरखून गेलो. दुसऱ्या दिवशी मी तिला नुसत्या मेथॅनॉलची चकती ठेवून बघायला सांगितलं. खरं तर हे मी पहिल्याच दिवशी सांगायला हवं होतं. त्या चकतीभोवतीही वर्तुळ आलं. चकत्या नीट वाळल्याच नव्हत्या, आणि जंतू मेले होते ते मेथॅनॉलनं. तू नुसत्या द्रावकाची चकती ठेवली असशील असं मी धरून चालते. नसशील तर आजच ठेव. मिलिलीटरला १०० मिलिग्रॅम म्हणजे फार घट्ट अर्क. त्या प्लेटवर शिर्को (व्हिनेगर) टाकलास तरी वर्तुळ उमटेल, पण म्हणून शिर्को पिऊन कुणाचा क्षय जात नाही.

आकडेमोड करून बघ, बाबांनाही करून दाखव. माणसाच्या अंगात साधारण ५ लिटर रक्त असतं. तुझ्या प्लेटवरच्या तीव्रतेच्या शंभराव्या हिश्श्याएवढा, म्हणजे मिलिलीटरला १ मिलिग्रॅम अर्क रक्तात आणायचा म्हटला, तरी ५ ग्रॅम सुका अर्क एकाच वेळी रक्तात असायला हवा. आधी तो आतड्यातून शोषला जायला हवा. मग यकृताच्या तावडीतून सुटायला हवा, आणि फुप्फुसात जंतू दडलेत तिथवर पोचायला हवा. तेही शरीराच्या पेशींना धक्का न लावता. आयसोनियाझिड ही बाबांच्या गोळ्यांतली एक. तिला क्षयाचा जंतू रोखायला मिलिलीटरला एका मायक्रोग्रॅमहूनही कमी पुरतं. एक मायक्रोग्रॅम म्हणजे मिलिग्रॅमचा हजारावा भाग.

शिवाय तू तपासलास तो स्टॅफिलोकोकस. संध्याकाळी प्लेट ठेवली की सकाळी वाढ तयार असते. क्षयाच्या जंतूची वसाहत घट्ट माध्यमावर डोळ्यांना दिसायला ३ ते ८ आठवडे लागतात. त्याच्या अंगावर मेणाचं जाड कवच असतं, आणि आपल्याला गिळायला आलेल्या पांढऱ्या पेशीच्या पोटातच तो मुक्काम ठोकतो. एकाला मारणारं दुसऱ्याला मारेलच असं नाही, हे तू परीक्षेत लिहिलं असशील. घरात ते सांगायचं राहून गेलं.

झाडांतून औषध मिळत नाही, असं मात्र बाबांना चुकूनही म्हणू नकोस. ते खोटं ठरेल, आणि त्यांना ते लगेच कळेल. सिंकोना झाडाच्या सालीतून १८२० साली पेल्तिए आणि कावांतू या दोघा फ्रेंच औषधशास्त्रज्ञांनी क्विनीन वेगळं काढलं आणि हिवतापावर मोजूनमापून देता येईल असं औषध हाती आलं. त्याहून जवळची गोष्ट चीनमधल्या तू यूयू यांची. ती तुझ्या बाबांना पूर्ण सांग, कारण तिच्यात जुनी पोथी आहे आणि प्रयोगशाळाही.

हिवतापावर नवं औषध शोधायची गुप्त सरकारी मोहीम १९६७ साली सुरू झाली. तू यूयू यांच्या गटानं जुन्या ग्रंथांतून आणि वैद्यांकडून दोन हजारांवर पाठ गोळा केले आणि सुमारे दोनशे वनस्पतींचे ३८० अर्क हिवताप झालेल्या उंदरांवर तपासले. छिंगहाव नावाच्या एका रानटी रोपानं सुरुवातीला आशा दाखवली, पण पुन्हा करून बघितलं तर गुण येईना. तेव्हा त्या पुन्हा पोथ्यांकडे वळल्या. चौथ्या शतकातल्या गे होंग या वैद्यानं लिहिलं होतं, की मूठभर छिंगहाव पाण्यात भिजव, पिळून रस काढ आणि पी. त्यात उकळण्याचा उल्लेख नव्हता. तू यूयू यांच्या मनात आलं, की उष्णतेनंच औषध नासत असेल. मग त्यांनी ईथर वापरून कमी उष्णतेवर अर्क काढला. ऑक्टोबर १९७१ मध्ये १९१ व्या क्रमांकाच्या नमुन्यानं उंदरांमधले हिवतापाचे जंतू शंभर टक्के नाहीसे केले. माणसांना देण्याआधी त्यांनी आणि सहकाऱ्यांनी तो अर्क स्वतः घेऊन बघितला. पुढे त्यातला नेमका रेणू, आर्टेमिसिनिन, वेगळा झाला. २०१५ मध्ये तू यूयू यांना नोबेल मिळालं.

आज हिवतापावर या रेणूपासून बनवलेल्या गोळ्या द्यायच्या त्या दुसऱ्या एका औषधाच्या जोडीनंच, कारण एकट्यानं दिल्या तर जंतू निर्ढावतात. त्या रोपाचा चहा पिऊन हिवताप घालवायला जागतिक आरोग्य संघटनेची संमती नाही. एका पानात औषध किती, दुसऱ्यात किती, याचा भरवसा नसतो. अपुरा डोस गेला की दुबळे जंतू मरतात आणि चिवट उरतात. उंदरांना बरं करणाऱ्या रोपाची ही गत आहे. आपला कुडा तर अजून प्लेटवरच आहे.

कुड्याचा पूर्वेतिहास मात्र मोठा आहे. पणजीत चर्चसमोरच्या बागेला ज्याचं नाव आहे तो गार्सिया द ओर्ता हा पोर्तुगीज वैद्य १५३४ साली गोव्यात आला. इथल्या औषधी द्रव्यांवरचा त्याचा ग्रंथ १५६३ मध्ये गोव्यातच छापला गेला. हगवणीवर इथले वैद्य काय देतात, ते त्यानं बारकाईनं लिहून ठेवलंय. कुड्याच्या सालीतला कोनेसिन हा अल्कलॉइड विसाव्या शतकात अमीबाच्या आवेवर खरोखर वापरला गेला. गुण यायचा, पण मेंदूवर आणि नसांवर दुष्परिणाम होऊ लागले, आणि त्याहून सोयीची औषधं आल्यावर तो मागे पडला. म्हणजे बाबांची साल निरुपयोगी नाही. ती आवेची आहे. आयुर्वेदातही कुटज, म्हणजे कुडा, मुख्यतः अतिसारावर सांगितलाय. आवेसाठी कुडा, तापासाठी किरायतें, हे बाबांना तुझ्यामाझ्यापेक्षा चांगलं ठाऊक आहे. आव नसलेल्या माणसाला ते कुड्याची साल देतील का? तापाने फणफणलेल्या पोराला देतील का? हे त्यांना शांतपणे, हरवायच्या आवेशात न शिरता विचार. मला वाटतं, प्लेट, रेणू, मायक्रोग्रॅम यांपेक्षा या एका प्रश्नावर ते जास्त वेळ गप्प बसतील.

आणखी दोन गोष्टी त्यांच्या कामाच्या आहेत. त्यांच्या गोळ्यांतली रिफाम्पिसिन म्हणजे निव्वळ कारखान्याचं रसायन, असं त्यांना वाटत असेल. तिचं मूळ फ्रान्सच्या दक्षिण किनाऱ्यावरच्या मातीतलं आहे. १९५७ मध्ये तिथल्या मातीच्या नमुन्यात सापडलेल्या एका जिवाणूपासून रिफामायसिन मिळालं, आणि त्यावर काम करून ही लाल कॅप्सूल झाली. तिच्या लालपणामुळेच लघवी केशरी होते. घाम, अश्रूही कधी तसे दिसतात. त्यानं अपाय नाही.

दुसरी गोष्ट मिरीची. तुमच्या कुळागरात पोफळीवर मिरीचे वेल असतीलच. मिरीतल्या पायपरिनमुळे काही औषधं रक्तात जास्त प्रमाणात पोचतात, हे जम्मूच्या सरकारी संशोधन संस्थेनं दाखवलं. त्या आधारावर २००९ मध्ये भारतात क्षयाची एक कॅप्सूल आली. तिच्यात रिफाम्पिसिन २०० मिलिग्रॅम, आयसोनियाझिड ३०० आणि पायपरिन १० मिलिग्रॅम. एरवी रिफाम्पिसिन ४५० मिलिग्रॅम लागतं, ते २०० वर भागलं. आपल्या परसातल्या मिरीला क्षयाच्या औषधात जागा मिळाली, याचा मला फार आनंद आहे. पण ती मिळाली मोजलेल्या १० मिलिग्रॅमची, आणि तीही औषधाच्या जोडीला. सरकारी गोळ्यांवर मिरीचा काढा पिऊन हे साधणार नाही. उलट डॉक्टरांनी ठरवलेला डोस बिघडेल.

गोळ्या इतक्या, आणि इतके महिने का, हेही सांग. स्ट्रेप्टोमायसिन हे क्षयावरचं पहिलं प्रभावी प्रतिजैविक. ब्रिटनमध्ये त्याची चाचणी झाली, निष्कर्ष १९४८ साली आले. ५५ रुग्णांना औषध दिलं, ५२ जणांना नुसती विश्रांती. सहा महिन्यांत औषधवाल्यांपैकी ४ दगावले, विश्रांतीवाल्यांपैकी १४. लोक उठून बसले, वजनं वाढली. पण जंतू त्या एकट्या औषधाला सरावले. पाच वर्षांनंतर मेलेल्यांचे आकडे होते ३२ आणि ३५. सुरुवातीला बरं वाटलेल्यांची ही गोष्ट बाबांना जरूर सांग. त्यानंतरच दोन-तीन औषधं एकत्र द्यायची पद्धत पडली. बाबांना पहिले दोन महिने चार औषधं आणि पुढचे चार महिने तीन, हा हिशेब त्यातूनच आलाय. दीड महिन्यात खोकला जातो, कारण भराभर वाढणारे जंतू तोवर मेलेले असतात. सुस्त पडून राहिलेले उरतात, आणि पुढचे महिने त्यांच्यासाठी लागतात. माझ्या मावशीच्या यजमानांनी तिसऱ्या महिन्यात गोळ्या सोडल्या होत्या. वर्षभरानं आजार परतला तो नेहमीच्या गोळ्यांना दाद न देणारा. इंजेक्शनं घेता घेता त्यांना ऐकू येईनासं झालं. मावशी पुढे कितीतरी वर्षं त्यांच्याशी पाटीवर लिहून बोलायची.

मला सगळ्यात जास्त काळजी गुळवेलीची वाटते. क्षयाच्या तीन गोळ्या, आयसोनियाझिड, रिफाम्पिसिन आणि पायराझिनामाइड, यकृतावर ताण आणू शकतात. कोविडच्या काळात गुळवेल भरपूर घेतलेल्या काही रुग्णांच्या यकृताला इजा झाल्याचं मुंबईच्या डॉक्टरांनी २०२१ मध्ये प्रसिद्ध केलं. आयुष मंत्रालयानं त्याला हरकत घेतली, तो वाद मला ठाऊक आहे. पण आधीच ताणाखाली असलेल्या यकृतावर आणखी एक गोष्ट लादू नये, इतकं तर कुठल्याही बाजूचा माणूस मान्य करील. गोळ्या पुन्हा सुरू झाल्या की काढा पूर्ण बंद. डोळे पिवळे दिसले, लघवी केशरी न राहता कोऱ्या चहासारखी गडद झाली, उलट्या थांबेनात, किंवा नजर धूसर झाली, तर त्याच दिवशी डॉक्टर गाठायचा. नुसती मळमळ असेल तर तेही सांगायचं. गोळ्यांची वेळ बदलून, थोडं काही खाऊन घ्यायला सांगून त्यावर उपाय करता येतो. मला वाटतं, बाबांनी ती मळमळ कुणाला सांगितलीच नाही. दुसऱ्यांना औषध देणाऱ्या माणसाला स्वतःचं दुखणं सांगणं जड जातं. त्यांच्याशी बोलताना हे लक्षात असू दे.

किरायतें मीही प्यायलेली आहे. पहिल्या पावसाच्या आठवड्यात आई पितळेच्या वाटीत द्यायची आणि वर गुळाचा खडा. ती कडू चव अजून जिभेवर आहे. पण तुमच्या सत्तरीत काजूच्या दिवसांत ताप आला तर तो माकडताप असू शकतो, पावसात शेतात राबणाऱ्याचा ताप लेप्टो असू शकतो. कुणी ताप घेऊन दारात आलं तर बाबांनी आधी रक्त तपासायला पाठवावं. त्यांचा शब्द लोक ऐकतात, म्हणून हे काम त्यांच्याइतकं चांगलं दुसरं कुणी करणार नाही.

तुझ्या अहवालाबद्दल थोडंसं. ‘भविष्यात औषध’ हे शेवटचं वाक्य काढ. त्याऐवजी कुठल्या जंतूवर, कुठल्या तीव्रतेला, कुठल्या द्रावकातला अर्क तपासला एवढंच लिही. जमल्यास जंतू रोखणारी किमान तीव्रता काढ, आणि त्याच तीव्रतेला माणसाच्या पेशी जगतात का, तेही बघ. ज्या झाडाची साल घेतलीस त्याचा वाळवलेला नमुना नाव, गाव, तारीख घालून जपून ठेव. झाड ओळखण्यात घोळ फार होतात. बाजारात काडेकिराईत म्हणून मिळतं ते हिमालयातलं, आणि आपण परसात लावतो ते किरायतें वेगळ्याच कुळातलं. नावापुरतं सारखं, रसायनं निराळी. बाबांनाही कामात घे. साल कुठल्या महिन्यात काढतात, झाड मरू नये म्हणून खोडाला चोहोबाजूंनी न सोलता किती सोडतात, कुणाला देत नाहीत, हे सगळं त्यांच्याकडून लिहून घे. जैवविविधता कायद्यानुसार पंचायतीत लोकांच्या जैवविविधतेची नोंदवही असते. तुमच्या घरचं ज्ञान बाबांच्या संमतीनं तिथे नोंदवता येतं का, ते पंचायतीत विचार. त्यांचा मान राखला जाईल, तो असा.

आणि एकदा त्यांना तुझ्या प्रयोगशाळेत घेऊन जा, मात्र गोळ्या पुन्हा सुरू होऊन डॉक्टर हो म्हणतील तेव्हा. त्यांच्यासमोर तीन चकत्या ठेव. एक कुड्याच्या अर्काची, एक नुसत्या द्रावकाची, एक प्रतिजैविकाची. दुसऱ्या दिवशी प्लेट त्यांच्या हातात दे आणि काय दिसतं ते त्यांनाच सांगू दे.

भावाच्या पोरीचं मात्र लांबणीवर टाकू नकोस. पाच वर्षांखालच्या मुलाला घरातल्या क्षयरुग्णाकडून लागण व्हायचा आणि ती गंभीर व्हायचा धोका मोठ्यांपेक्षा जास्त असतो. तिची तपासणी या आठवड्यातच करून घ्या. तिला आजार नाही असं ठरलं, तर तो होऊ नये म्हणून द्यायचं औषध आरोग्य केंद्रातून मोफत मिळतं. भावाची, वहिनीची, आईची आणि तुझीही तपासणी तेव्हाच करा. थुंकीची नवी तपासणी येईपर्यंत पोरीला बाबांच्या खोलीत झोपवू नका. खिडक्या उघड्या ठेवा. बाबांनी तोंडाला फडकं बांधावं. क्षयरुग्णाला पोषणासाठी सरकारकडून महिन्याला मिळणारे १००० रुपये बाबांच्या खात्यात जमा होतात का, तेही विचारून घ्या.

जाताना गोळ्यांची उरलेली पाकिटं बरोबर घे, आणि काढ्याची बाटलीही. त्यात काय काय घातलंय आणि रोज किती प्यायले, ते बाबांनाच डॉक्टरांना सांगू दे.